मेलची पेटी भरली की…

मामू कुवेतहून कायमचे परत आले, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका कंपनीच्या गोदामात ते बावीस वर्षे स्टोअरकीपर होते. निघताना ऑफिसने सांगितले होते, "अखेरचा हिशेब तयार झाला की मेलवर पाठवू. बघून, सही करून परत पाठवा, म्हणजे राहिलेले पैसे खात्यावर जमा होतील." मामूंनी आपला घरचा मेलचा पत्ता लिहून दिला आणि सामान बांधून रत्नागिरीला आले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही संपत आला. मामू रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन फोन उघडायचे. मेल नाही. मामींना काही बोलायचे नाहीत, पण त्यांच्या मनात नको नको ते येऊ लागले. धाकटीच्या कॉलेजची फी आणि घराचा राहिलेला स्लॅब, दोन्ही त्या पैशांवर अवलंबून होते. शेवटी त्यांनी तिकडच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने चौकशी करून सांगितले, "ऑफिसने दोनदा मेल पाठवला. दोन्ही वेळा परत आला. तुमचा मेलबॉक्स भरलाय म्हणे."

संध्याकाळी मामूंनी मला बोलावून घेतले. "बेटा, मी रोज रात्री वाचून झालेले सगळे मेल आर्काइव्ह करतो. इनबॉक्समध्ये एक मेल शिल्लक ठेवत नाही. मग पेटी भरली कशी?"

मी फोन हातात घेतला. जागा संपत आल्याची सूचना कित्येक दिवस दिसत होती. खाली जादा जागा विकत घेण्याचे बटण होते, म्हणून मामू ती जाहिरात किंवा फसवणूक समजून बाजूला सारत होते. आणि रोज रात्री ज्या बटणाने पेटी रिकामी करतोय असे त्यांना वाटत होते, त्या बटणाने एका मेलचीही जागा मोकळी झाली नव्हती.

हा घोळ एकट्या मामूंचा नाही. आज आपल्या घरांत बँकेचा हिशेब, विम्याची पावती, परीक्षेचे हॉलतिकीट, पासपोर्टचे कागद, परदेशातल्या मुलाचे तिकीट, सगळे मेलवर येते. ती पेटी केव्हा भरते, भरल्यावर काय होते आणि 'आर्काइव्ह' म्हणजे नेमके काय, हे घरातल्या निदान एका माणसाला तरी ठाऊक असायला हवे.

जागा खाते कोण?

बहुतेकांचा घरचा मेल जीमेलवर असतो, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल सुरू झाले, तेव्हा त्यांनी 1 जीबी जागा फुकट देऊ केली. त्या काळी हॉटमेलवर 2 एमबी आणि याहूवर 4 एमबी जागा मिळायची. त्यामुळे अनेकांना ही एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. मेल पुसायची गरजच नाही, सगळे राहू द्या, ही सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

आता फुकट जागा 15 जीबी आहे, पण ती फक्त मेलची नाही. 2013 पासून मेल आणि ड्राइव्ह यांची जागा एकच आहे. गूगल फोटोजमध्ये पूर्वी थोडे लहान केलेले फोटो कितीही ठेवता येत. 1 जून 2021 पासून नव्याने चढवलेले असे फोटोही त्याच 15 जीबीत मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअप पूर्वी या हिशेबात नव्हता, आता तोही धरला जातो. म्हणजे घर एक आणि बिऱ्हाडे चार, अशी गत झाली आहे. मामूंच्या खात्यात मेल जेमतेम दीड जीबी होते. उरलेली सगळी जागा मोठ्या मुलीच्या निकाहचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आलेले 'गुड मॉर्निंग'चे फोटो यांनी व्यापली होती. पण जागा संपल्यावर दारातून परत गेला तो कंपनीचा मेल.

मेलमधली जागासुद्धा मजकूर खात नाही. साध्या मजकुराचा मेल काही केबींचा असतो. खरे वजन असते सोबत जोडलेल्या फाइलचे. शिवाय मेलमधून जाताना फाइलचे अक्षरांत रूपांतर करावे लागते आणि तिचे वजन साधारण एक तृतीयांशाने वाढते. 9 एमबीची फाइल मेलमध्ये 12 एमबी होऊन बसते. 20 एमबीचा एक मेल काढला, तर 20 केबीचे हजार मेल काढल्याइतकी जागा होते. म्हणून बारीकसारीक मेल एकेक करून पुसत रात्र घालवण्यात काही अर्थ नसतो.

जागा संपली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. त्याला 'मेलबॉक्स भरला आहे' असा निरोप मिळतो, पण ज्याचा मेल आहे त्याला कोण काय पाठवत होते हे कळत नाही. त्याला स्वतःलाही मेल पाठवता येत नाही. सलग दोन वर्षे खाते मर्यादेच्या वर राहिले, तर आतला मजकूर पुसला जाऊ शकतो. याखेरीज आणखी एक नियम आहे. दोन वर्षे न उघडलेले खाते गूगल बंद करून पुसू शकते. डिसेंबर 2023 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांचे, परदेशी गेलेल्या मुलाचे जुने खाते असेल आणि त्यात जपण्यासारखे काही असेल, तर ते अधूनमधून उघडत जावे.

एक शब्द, तीन अर्थ

सगळा गोंधळ 'आर्काइव्ह' या शब्दाने केला आहे. तीन ठिकाणी तो तीन वेगळ्या अर्थांनी वापरतात.

पहिला अर्थ जीमेलचा. इथे आर्काइव्ह म्हणजे मेल फक्त इनबॉक्समधून उचलून 'ऑल मेल'मध्ये ठेवणे. टेबलावरचे कागद त्याच टेबलाच्या खणात सारावेत तसे. टेबल स्वच्छ दिसते, पण खोली तेवढीच भरलेली राहते. जीमेलमध्ये फिल्टर लावून अमुक पत्त्यावरून आलेले मेल आपोआप आर्काइव्ह करता येतात. त्या सोयीचे नावच 'इनबॉक्स टाळा' असे आहे. ती नीटनेटकेपणासाठी उत्तम आहे, जागेसाठी तिचा शून्य उपयोग. अमुक वर्षांपेक्षा जुना झाला की मेल आपोआप दुसरीकडे हलव, असे काम जीमेलचा फिल्टर करत नाही. मेल येतो त्या क्षणी तो काय ते ठरवतो.

दुसरा अर्थ ऑफिसमधल्या संगणकावरच्या जुन्या धाटणीच्या आउटलुकचा. तिथे 'ऑटोआर्काइव्ह' म्हणून सोय असते. ती चालू केली की ठरलेल्या मुदतीने, मुळात दर 14 दिवसांनी, प्रोग्राम जुने मेल शोधतो. इनबॉक्ससाठी सहा महिने आणि पाठवलेल्या मेलसाठी दोन महिने ही मूळ मुदत असते, ती बदलता येते. जुना झालेला मेल सर्व्हरवरच्या पेटीतून उचलला जातो आणि त्याच संगणकावरच्या एका पीएसटी फाइलमध्ये जाऊन पडतो. इथे जागा खरोखर मोकळी होते. मात्र तो मेल आता फोनवर दिसत नाही, दुसऱ्या संगणकावरही दिसत नाही. तो फक्त त्या एका संगणकाच्या डिस्कवर असतो. डिस्क गेली, संगणक बदलला, की तो मेलही गेला. याच सोयीत 'जुने मेल कायमचे पुसा' असाही एक पर्याय असतो, तो चुकून निवडला तर शोधायलाही काही उरत नाही. आउटलुकच्या नव्या आवृत्तीत ही सोय ठेवलेलीच नाही.

तिसरा अर्थ मोठ्या कंपन्यांचा. तिथे नोकराच्या पेटीला जोडून सर्व्हरवरच दुसरी, आर्काइव्हची पेटी दिलेली असते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत मूळ नियम असा आहे, की दोन वर्षांहून जुने मेल आपोआप त्या पेटीत जातात. संगणक बदलला तरी तिथले मेल सुरक्षित राहतात. पण पेटीची मालकी कंपनीची. नोकरी सुटली, की दोन्ही पेट्यांची चावी आपल्या हातून जाते.

म्हणजे पहिल्या ठिकाणी मेल हलत नाही, दुसऱ्या ठिकाणी इतका हलतो की सापडत नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी सापडतो पण आपला नसतो. 'आपोआप' होणारे काम सोयीचे खरे, पण आपोआप काय होते आणि वस्तू कुठे जाऊन पडते, हे माहीत नसेल तर ती सोय एक दिवस महागात पडते.

मामूंचे अकरा दिवस

मामूंना ती महाग पडलीच. आम्ही त्या रात्री बसून जागा मोकळी केली, कंपनीला कळवले आणि दोन दिवसांनी हिशेब आला. तो वाचताना मामू थांबले. शिल्लक रजेचे अकरा दिवस त्यात कमी धरले होते. सहा वर्षांपूर्वी एका ईदला सुट्टी रद्द करून ते गोदामात थांबले होते आणि ती रजा पुढे धरली जाईल असा मेल साहेबांनी त्यांना पाठवला होता. तो त्यांना पक्का आठवत होता.

मेल कुठे आहे? ऑफिसच्या मेलमध्ये. ऑफिसच्या संगणकावर जुने मेल आपोआप आर्काइव्ह व्हायचे. मामूंनी तो संगणक निघण्याच्या आदल्या दिवशी परत केला होता. तो पुसून दुसऱ्या माणसाला दिला गेला. सर्व्हरवर फक्त शेवटच्या काही महिन्यांचे मेल होते. साहेब नोकरी सोडून केव्हाच गेलेले. मामूंनी दोन पत्रे लिहिली, मग सही करून कागद पाठवून दिला. अकरा दिवसांचा पगार गेला. "पैशाचं जाऊ दे," ते म्हणाले, "पण मी खोटं बोलतोय असं वाटलं असेल त्यांना, ते लागतं."

आखातात किंवा इथल्याच कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. ऑफिसचा मेल ऑफिसचा असतो, धंद्याची कागदपत्रे परवानगीशिवाय उचलून आणणे योग्य नाही. पण जे कागद आपले स्वतःचे आहेत, नेमणुकीचे पत्र, करारनामा, पगाराच्या स्लिपा, रजेची मंजुरी, बढतीचे पत्र, त्यांची प्रत ऑफिसला विचारून त्या त्या वेळी घ्यावी आणि आपल्या घरच्या पेटीत जमा करावी. निघण्याच्या आठवड्यात हे काम होत नाही.

घरी करायची व्यवस्था

आम्ही त्या रात्री जे केले ते क्रमाने सांगते. एका सुट्टीच्या दुपारी कोणालाही जमेल.

आधी जागा कोणी खाल्ली ते पाहा. जीमेलमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोच्या गोलावर बोट ठेवले की किती जागा वापरली ते दिसते. तिथून आत गेलात की मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांचा वेगवेगळा हिशेब मिळतो. दोष फोटोंचा असेल तर मेल पुसत बसू नका.

व्हॉट्सअॅपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन 'व्हिडिओसह' हा पर्याय बंद करा. मामूंच्या खात्यात एवढ्यानेच पुढच्या बॅकअपनंतर बरीच जागा सुटली. बॅकअपमध्ये नसलेला व्हिडिओ फोन बिघडल्यावर मिळणार नाही, म्हणून हवे असलेले व्हिडिओ आधी संगणकावर उतरवून घ्या. निकाहचे व्हिडिओ आम्ही असेच उतरवले.

मग मेलमधले सर्वांत जड मेल शोधा. संगणकावर जीमेल उघडले की शोधपट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटे चिन्ह असते. ते दाबल्यावर आकाराचा रकाना येतो. तिथे '10 एमबीपेक्षा मोठे' असे निवडा. मूठभर मेल समोर येतील. त्यांतली कामाची फाइल आधी संगणकावर उतरवा, ती उघडते का पाहा, आणि मगच मेल पुसा.

पुसलेला मेल कचरापेटीत जातो आणि तिथेही जागा अडवून बसतो. तीस दिवसांनी तो आपोआप जातो. घाई असेल तर कचरापेटी आपण रिकामी करावी, पण एकदा डोळ्यांखालून घालून, कारण तिथून गेलेले परत येत नाही.

आता जपण्याची व्यवस्था. जीमेलमध्ये 'जपायचे' नावाचे एक लेबल तयार करा. फिल्टर लावून बँक, विमा, शाळा-कॉलेज यांच्याकडून येणाऱ्या मेलना ते आपोआप लागेल असे करा, बाकीच्यांना हाताने लावा. 'गूगल टेकआउट' या सोयीतून फक्त त्या लेबलचे मेल निवडून त्यांची प्रत मागवता येते. दर दोन महिन्यांनी एक, अशी वर्षभर आपोआप प्रत मिळण्याचीही सोय आहे. प्रत ड्राइव्हमध्ये मागवू नका, नाहीतर तीच आपली 15 जीबी खाईल. डाउनलोडची लिंक मागवा आणि संगणकावर उतरवा. वर्ष संपले की ही मागणी बंद होते, ती पुन्हा लावावी लागते. टेकआउट फक्त प्रत देते, मूळ मेल तिथेच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

ज्यांच्या घरी संगणक रोज चालतो त्यांनी थंडरबर्ड हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्यावा. त्यात आर्काइव्हची जागा आपल्याच संगणकावर ठरवता येते आणि वर्षाला एक याप्रमाणे फोल्डर तो स्वतः तयार करतो. मेल तिथे हलवल्यानंतर जीमेलच्या 'ऑल मेल'मध्ये त्याची प्रत राहिली आहे का ते पाहावे. बहुधा राहते. ती पुसल्याशिवाय जागा होत नाही.

जे जपले त्याच्या दोन प्रती करा. एक संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. केवळ एका पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, तो हरवतोही आणि बिघडतोही. सहा महिन्यांनी त्यातला एखादा जुना मेल उघडून पाहा. उघडला नाही, तर ते आर्काइव्ह नुसते नावाचे.

एक सावधगिरी. 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, येथे क्लिक करा' असे खोटे मेल सर्रास येतात आणि पासवर्ड काढून घेतात. मामूंची शंका त्या अर्थाने रास्तच होती. अशा मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका आणि त्याकडे दुर्लक्षही करू नका. स्वतः जीमेल उघडून, फोटोच्या गोलावर जाऊन खरी परिस्थिती पाहा.

काय जपावे, काय सोडावे

जागेचा प्रश्न सुटला तरी हा प्रश्न उरतोच आणि तो कोणतेही यंत्र सोडवून देत नाही. आमच्या घरी आम्ही सोपा नियम केला. ज्या मेलमध्ये पैसा, हक्क, शिक्षण, आजार किंवा घरदार यांचा पुरावा आहे तो जपायचा. ज्याची मुदत संपली तो सोडायचा: झालेल्या प्रवासाचे तिकीट, मिळालेल्या वस्तूची पावती, ओटीपी, सेलची जाहिरात. आणि ज्यात आपल्या माणसाचा शब्द आहे तो, त्याचा काही उपयोग नसला तरी, ठेवायचा.

मामूंच्या मेलमध्ये असे काही निघाले. कुवेतला पहिला संगणक हाताला लागला तेव्हा त्यांनी मामींना लिहिलेले मेल. मामींकडे तेव्हा मेल नव्हता, म्हणून ते शेजारच्या मुलाच्या पत्त्यावर पाठवायचे आणि तो वाचून दाखवायचा. मामी लाजून म्हणाल्या, "पुसून टाक गं ते." मी त्यांना पहिले लेबल लावले.

नाना बोटीवर होते, त्यांची निळी हवाई पत्रे नानी पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. पेटी लहान होती. दरवर्षी रमजानच्या आधी घराची साफसफाई निघाली की नानी ती उघडून बसायच्या, काही कागद चुलीत जायचे, काही पुन्हा घडी होऊन आत. कोणते पत्र कुठे आहे हे त्यांना अंधारातही सांगता यायचे. मामूंनी आता तोच दिवस धरला आहे. रमजानच्या आधीच्या रविवारी माळा साफ होतो, भांडी घासली जातात, आणि मामू चष्मा लावून मेलची पेटी उघडून बसतात. हार्ड डिस्क कपाटात कुठल्या खणात आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.